खापरांची वाट : येरवडा ते तापीकाठ

डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाची वाटचाल सांगताना मी एक भांडं हाताशी घेतो. तोटीचं, लालसर, दोन्ही तळहातांत मावेल एवढं. तोंड जरा बाहेर फाकलेलं, मान उंच, आणि पोटाच्या मध्यावर एक स्पष्ट कंगोरा. कंगोऱ्याच्या वरून नळीसारखी तोटी बाहेर निघते. अंग चाकावर घडवलेलं आणि पातळ, भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. मातीवर तांबड्या रंगाचा लेप, लेपावर काळ्या रंगातली नक्षी: चौकटी, एकात एक चौकोन, शिडीसारख्या पट्ट्या, तिरप्या रेघांनी भरलेले शंकरपाळे. रंग भट्टीत जाण्याआधी दिलेला असल्यामुळे तीन हजारांहून जास्त वर्षं तो टिकला. नक्षी कंगोऱ्याच्या वर, खालचं अंग बहुतेक कोरं. भांडं जमिनीवर किंवा बैठकीवर ठेवलं की माणसाच्या नजरेला वरचाच भाग पडतो, आणि रंगवणाऱ्या हाताला हे नेमकं ठाऊक होतं. या भांड्यांना आज जगभर ‘जोर्वे’ म्हणतात. संगमनेर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या एका गावाचं हे नाव अभ्यासग्रंथांत रुजवण्याचं श्रेय या संस्थेचं आहे.

संस्था मुळात याहून कितीतरी जुनी. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झालं. पेशव्यांच्या दक्षिणेची रक्कम विद्येसाठी वापरण्याची ती मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याची योजना. पुढे ते पूना कॉलेज झालं, १८६४ साली डेक्कन कॉलेज झालं आणि त्यानंतर काही वर्षांनी मुळा-मुठेपलीकडे येरवड्याच्या माळावर दगडी इमारतीत गेलं. टिळक, आगरकर, भांडारकर ही नावं त्या इमारतीशी जोडलेली आहेत; त्यांच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थ्यांनी हार मानली नाही, प्रकरण न्यायालयात नेलं, आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून दारं पुन्हा उघडली. भाषाशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, पुरातत्त्व असे मोजके विषय घेऊन नव्याने सुरुवात झाली. बंद पडलेलं कॉलेज पुन्हा उभं राहिलं ते अभ्यासक्रम शिकवण्यासाठी नव्हे, शोध घेण्यासाठी. पुढचं सगळं या एका निर्णयातून निघालं.

पहिल्या तुकडीत दोन माणसं अशी होती, ज्यांचं काम खानदेशापर्यंत येऊन पोचलं. एक हसमुख धीरजलाल सांकलिया, दुसऱ्या इरावती कर्वे. सांकलिया लंडनहून गुजरातच्या पुरातत्त्वावर डॉक्टरेट करून आले होते आणि तिकडे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाची शिस्त शिकले होते. इरावतीबाई माणसं मोजत, त्यांची नातीगोती टिपत, त्यांच्या वाड्या-वस्त्यांत जात. चाळीसच्या दशकात गुजरातेत लांघणजला दोघांनी एकत्र काम केलं: सांकलिया जमिनीखालचं शोधत आणि इरावतीबाई सांगाड्यांकडे पाहत. संस्थेच्या स्वभावात ही जोडी तेव्हापासूनच आहे असं मला वाटतं, जरी दोघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या.

१९५०–५१ च्या हंगामात सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे इथे खणलं. महाराष्ट्राचा लिखित इतिहास सातवाहनांपाशी सुरू होतो, त्याआधी काय, याचं उत्तर तोवर कुणापाशी नव्हतं. जोर्व्याला रंगवलेली खापरं निघाली, सोबत तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. म्हणजे लोखंड माहीत नसलेले, तांबं वापरणारे, शेती करणारे, चाकावर भांडी घडवून रंगवणारे लोक या पठारावर राहत होते. आपल्या ‘पांढरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडांच्या पोटात काय आहे, याचा तो पहिला ठोस पुरावा. मग नेवासा आलं, नर्मदेकाठचं नावडातोली आलं, चांदोली, सोनगाव आलं. प्रत्येक ठिकाणाचा अहवाल जाड होत गेला आणि त्यातला सर्वांत जाड भाग नेहमी खापरांचा असे. खापर कुजत नाही, गंजत नाही, फुटलेलं कुणी चोरत नाही. रंग, लेप, काठाचा आकार, भाजणी एवढ्यावरून कुठलं खापर कोणत्या थरातलं हे सांगता येतं. वर्षानुवर्षं धुणं, आकडे घालणं, रेखाटणं, चौकटीच्या कागदावर काठाचा छेद काढणं हे काम संस्थेतल्या अनेक हातांनी केलं. त्यांतल्या झै. दा. अन्सारींसारख्यांची नावं अहवालांवर आली, बाकीच्या कित्येकांची आली नाहीत.

आमच्या जिल्ह्यात मात्र पहिली कुदळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पडली. १९५५ साली बाळकृष्ण थापर यांनी प्रकाशे इथे खणलं. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे गाव, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. तेव्हा हा भाग पश्चिम खानदेश, नंतर धुळे, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्हा. प्रकाशाच्या सर्वांत खालच्या थरात माळव्याची रंगीत भांडी निघाली, पुढे जोर्वेही निघाली, आणि गुजरातेकडची चकचकीत लाल भांडीही. थापरांचा अहवाल ‘एन्शंट इंडिया’मध्ये आला. एकाच गावच्या मातीत तीन दिशांची भांडी! नर्मदेकडून, सौराष्ट्राकडून आणि प्रवरा-गोदावरीकडून माल, माणसं, सुना, कारागीर यांपैकी कुणीतरी येत-जात होतं.

इथे काठीचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. अक्कलकुवा तालुक्यातलं काठी सातपुड्यात आहे, उत्तरेला नर्मदा आणि दक्षिणेला तापी. इंग्रजांच्या कारकिर्दीत इथे मेवासी भिल्ल राजांची गादी होती. पुण्या-मुंबईच्या माणसाला काठी म्हणजे वाट संपते तिथलं गाव वाटतं. चार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवरून पाहिलं तर हा डोंगर दोन समृद्ध खोऱ्यांच्या मध्ये आहे. नावडातोलीला ज्या घराण्यातली माळवा भांडी मुबलक सापडली, तीच प्रकाशाला सापडतात; म्हणजे सातपुडा कुणाला अडवत नव्हता. नेमक्या कोणत्या घाटाने ती माणसं उतरली हे खापर सांगत नाही. पण डोंगर हा अडसर आणि खोरं ही संस्कृती, असा जो समज शाळेच्या पुस्तकांतून मुलांच्या डोक्यात बसतो, तो या दोन नद्यांच्या भांड्यांपुढे टिकत नाही.

नावडातोलीच्या भांड्यांनी सांकलियांना एका मोठ्या कल्पनेकडे नेलं. तिथल्या पन्हाळीसारख्या तोंडाच्या वाडग्यांचे आणि पायाच्या पेल्यांचे आकार त्यांना इराणातल्या सियाल्कसारख्या जागांची आठवण देत होते. पश्चिमेकडून लोक आले आणि भांड्यांची कला सोबत घेऊन आले, असं त्यांनी मांडलं. त्याला आर्यांच्या प्रश्नाचीही जोड दिली. पुढच्या पिढीने हे जसंच्या तसं मान्य केलं नाही. आकार सारखा म्हणून माणूस तोच असं ठरत नाही, हे त्यांनी खणूनच दाखवलं. गुरूंचा सिद्धांत शिष्यांनी गुरूंच्याच संस्थेत, गुरूंच्या देखत तपासला आणि बदलला. यापेक्षा मोठा मान मला कुठल्या संशोधन संस्थेला देता येत नाही.

हा बदल घडला तो इनामगावला. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ साली सुरू झालेलं हे काम १९८० नंतरपर्यंत चाललं; म. के. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांनी ते उभं केलं. आधीची उत्खननं खोल आणि अरुंद असत: थर मोजायचे, खापरं क्रमाने लावायची. इनामगावला त्यांनी आडवं खणलं, गावच्या गाव उघडं केलं. शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले. चुली, कणग्यांच्या जागा, कुंभाराची भट्टी, नदीचं पाणी वळवणारा पाट, त्याच्या लगतचा बांध. जळलेल्या दाण्यांवरून बार्ली, गहू, मसूर, कुळीथ ओळखता आले, हाडांवरून गुरं आणि शिकार. किरणोत्सर्गी कार्बनच्या मोजणीने कालक्रम बसला: माळवा काळ ख्रिस्तपूर्व १६०० च्या आसपासचा, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, उत्तर जोर्वे ७०० पर्यंत. मग रंगवलेलं भांडं एकटं राहिलं नाही. ते कुणाच्या घरात होतं, चुलीपासून किती लांब होतं, त्या घरात काय शिजत होतं, हे विचारता येऊ लागलं.

आणि ते कुणाच्या शेजारी पुरलं होतं हेही. इनामगावची लहान मुलं घरातल्या जमिनीखाली पुरलेली सापडली. दोन मोठे करडे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यांच्यात मूल, आणि सोबत एखादं तोटीचं भांडं, एखादा कंगोऱ्याचा वाडगा. रांजण जाडेभरडे, हाताने थापलेले, नक्षीही बोटांच्या ठशांची. सोबतचं भांडं मात्र चांगलं, रंगवलेलं. मोठ्या माणसांना पसरून पुरलेलं आणि पुष्कळांचे पाय घोट्याखाली कापलेले, बहुधा मेलेल्याने उठून चालत जाऊ नये म्हणून. एक पुरण मात्र सगळ्यांहून वेगळं: चार पायांच्या, मातीच्या अवजड रांजणात पाय दुमडून बसवलेला एक प्रौढ पुरुष. त्याचे पाय कापलेले नव्हते. त्याच्याजवळच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली आहे. हा गावचा प्रमुख असावा असं ढवळीकरांचं अनुमान. नावेचा अर्थ त्यांनी सावधपणे सुचवला: मेलेल्याला नदीपलीकडे न्यायला. घोड नदीत पावसाळ्याखेरीज नाव चालेल इतकं पाणी आज नसतं. मग ही नाव कुणी पाहिली होती, की ऐकली होती?

उत्तर जोर्वे काळात रंग कमी झाला. नक्षी साधी होत गेली, घरं मोठी चौकोनी होती ती लहान, गोल झोपड्यांची झाली. पाऊस कमी झाल्यामुळे हे लोक शेतीकडून जनावरांकडे वळले असावेत, असं ढवळीकरांनी मांडलं. हे मत वादातीत नाही, पण त्याने प्रश्नाची दिशा बदलली: भांड्यावरची नक्षी आटली तर ओढ्यातलं पाणी आटलं होतं का, असं विचारायला लागलो आपण. खानदेशातल्या माणसाला हा प्रश्न परका नाही.

संस्था उत्खननासाठी खानदेशात आली ती ऐंशीच्या दशकात, साक्री तालुक्यातल्या कवठे इथे. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांच्या उत्खननात निघालं ते सावळदा संस्कृतीचं गाव. तापीकाठच्या सावळदा या गावावरून हे नाव पडलं. जोर्व्याच्या आधीची, ख्रिस्तपूर्व २००० च्या आसपासची ही वस्ती. प्रवरेकाठच्या दायमाबादला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. ए. साळी यांना हीच भांडी अगदी खालच्या थरात मिळाली होती, त्यामुळे क्रमाबद्दल शंका उरली नाही. कवठ्याला लोक जमिनीत खड्डा खणून, वर छप्पर टाकून राहत होते. सावळदा भांड्यांवरची चित्रं मला जोर्व्याच्या चौकटींपेक्षा जास्त बोलकी वाटतात. त्यांत बाणांची टोकं आहेत, मासे मारायचे दातेरी भाले आहेत, प्राणी आणि वनस्पती आहेत. शेती शिकलेल्या माणसाने भांड्यावर शिकार रंगवली! वसंत शिंदे यांनी पुढे मधल्या तापीखोऱ्याची गावोगाव पाहणी केली, आणि ही काही सुटी सुटी गावं नव्हती तर वस्त्यांचं जाळं होतं हे दिसून आलं. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या शिवारात नांगराने वर येणाऱ्या काळ्या-तांबड्या खापरांना अशा पाहण्यांनी पत्ता दिला.

भांडी रंगवायची कशासाठी, हा विचार दूरवर नेला तो मध्य अमेरिकेतल्या भांड्यांनी. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, साधारण आपल्या सावळद्याच्याच काळात, ख्रिस्तपूर्व १९०० च्या सुमारास पहिली मातीची भांडी आली. ती साधी स्वयंपाकाची नव्हती. लेप दिलेली, कोरलेली, भोपळ्याच्या आकाराची, बिनमानेची ती भांडी होती. जेवण शिजवण्यासाठी नव्हे, तर गावजेवणात पेय वाढून मान मिळवण्यासाठी ती घडवली गेली, असं तिथल्या अभ्यासकांनी मांडलं. पुढे अडीच हजार वर्षांनी माया राजांच्या दरबारी कोकोचे पेले रंगले: दरबार, पाताळातले देव, लेखनिक, चेंडूचा खेळ. मायांना कुंभाराचं चाक माहीत नव्हतं, हातानेच ते इतकं पातळ भांडं चढवत. काठाभोवती चित्रलिपीत मजकूर असे, त्यात पेला कुणाचा आणि त्यात कोणतं पेय हे लिहिलेलं. मायकेल को यांनी १९७३ साली या मजकुरातला ठराविक क्रम ओळखला. पुढे ग्वातेमालातल्या रिओ आझुलच्या एका भांड्यातल्या खरवडीत कोकोचे अंश मिळाले आणि भांड्यावर लिहिलेलं खरं ठरलं. आपल्या जोर्वे कुंभाराने काहीच लिहिलं नाही. त्याच्याकडे लिपी नव्हती. म्हणून त्याच्या भांड्याचा अर्थ लावताना आजूबाजूच्या माणसांकडे पाहण्यावाचून इलाज नाही.

हे पाहणं डेक्कन कॉलेजने लवकर सुरू केलं. इरावती कर्वे यांनी पश्चिम खानदेशातल्या भिल्लांची सामाजिक-आर्थिक पाहणी करून पुस्तक लिहिलं. साठच्या दशकात मालती नागर यांनी राजस्थानातल्या आहाड संस्कृतीच्या अभ्यासासाठी तिथल्या भिल्लांची घरं, कणग्या, भांडी टिपली आणि त्यावर डॉक्टरेट केली. जमिनीखालचं समजून घ्यायला जमिनीवरच्या माणसाकडे जायचं, ही पद्धत पुढे संस्थेची ओळख बनली. तिच्यात एक धोका आहे आणि तो मी स्पष्ट सांगतो: आजचा भिल्ल म्हणजे तांब्याच्या युगात थांबून राहिलेला माणूस, असं मानणं हा त्याचा अपमान आहे. तो आपल्याइतकाच आजचा आहे. दायमाबादचा जगप्रसिद्ध काशाचा रथ आणि प्राणी १९७४ साली जमिनीतून काढणारा माणूस भिल्ल शेतकरीच होता. त्याच्या हातून ते बाहेर आलं म्हणून पुरातत्त्वाला मिळालं.

तरीही काठीची राजवाडी होळी पाहिली की सावळदा आणि जोर्वे भांड्यांबद्दल विचारायचे प्रश्न बदलतात. होळीच्या आधी बरेच दिवस बावा, बुध्या होणारी माणसं पाळणी पाळतात: खाट नाही, पायात काही नाही, घरच्यांचा स्पर्श नाही. होळीच्या रात्री अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर बांबूचा आणि मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. ढोल, बासरी, पहाटेपर्यंत नाच, आणि उंच बांबू उभा करून पेटवलेली होळी. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून लोक येतात. मला यात दोन गोष्टी दिसतात. नक्षी इथे वस्तूवर नाही, माणसावर आहे, आणि ती एका दिवसासाठी आहे. आणि भोपळा! पाणी, पेय वाहून न्यायचं सर्वांत जुनं भांडं, जे मातीचं भांडं यायच्या आधी होतं आणि नंतरही राहिलं. ज्या लोकांनी चार हजार वर्षांपूर्वी या दोन नद्यांच्या काठी भांडी रंगवली, त्यांनी त्याच वेळी किती भोपळे रंगवले असतील, किती अंगं रंगवली असतील, किती भिंती? ते सगळं कुजलं, धुऊन गेलं. आपल्या हाती फक्त भाजलेली माती राहिली आणि आपण तिलाच त्यांची सगळी कला समजलो. तोटीच्या भांड्याला मी म्हणून सणाचं भांडं म्हणतो, रोजच्या वापराचं नव्हे. जमलेल्या माणसांमध्ये ओतायचं, वाटायचं, कदाचित मेलेल्यालाही त्यातलं द्यायचं.

१९९० साली डेक्कन कॉलेजला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वनस्पती, हाडं, परागकण, मातीचे कण, दातांची झीज यांचे स्वतंत्र अभ्यासक तिथे घडले. २०२१ साली दोनशे वर्षं पूर्ण झाली. या वाटचालीत एक उणीव मला बोचते आणि ती बोलून दाखवायला हवी. इनामगाव, कवठे, नेवासा यांचे मोठे अहवाल इंग्रजीत आहेत आणि ग्रंथालयांत आहेत. ढवळीकर, देव यांनी मराठीत लिहिलं, पण ते धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतल्या मास्तरांच्या हातात क्वचितच पोचतं. प्रकाशे आणि सावळदा ही नावं जगातल्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आहेत आणि याच जिल्ह्यातल्या दहावीच्या मुलाला ती ठाऊक नसतात. नर्मदेचा काठ धरणाच्या पाण्याखाली गेला, उकाईच्या फुगवट्याने तापीचाही काही भाग घेतला. जे वर आहे ते नांगराखाली आहे. खापरांच्या रंगीत चित्रांची, मराठीत आणि शक्य असेल तर भिल्लोरीत, वीस-पंचवीस पानांची एक पुस्तिका संस्थेने काढावी. त्यात प्रत्येक भांड्याशेजारी मोजपट्टी असावी आणि कोणत्या थरातून आलं ते असावं. मुलं स्वतः ओळखतील.

ओळखणं तसं अवघड नाही. पहिल्या पावसाने धुतलेल्या शेतात, नदीजवळच्या राखाडी-पांढुरक्या मातीत बघावं. मडक्याचं साधं खापर जाड, आतून काळपट असतं. जोर्व्याचं पातळ, सगळीकडून सारखं तांबडं, वाजणारं, आणि त्यावर काळी रेघ असते जी ओल्या बोटाने पुसली जात नाही. असं काही दिसलं तर मोबाइलवर जागेवरच फोटो घ्यावा, शेजारी एखादं नाणं ठेवून म्हणजे आकार कळेल. गट नंबर, नदीपासूनचं अंतर, किती खोल होतं ते वहीत लिहावं. खापर उचललं तर जागा हरवते, म्हणून शक्यतो तिथेच राहू द्यावं आणि तलाठ्याला, शाळेला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावं.